ताउवूच्या शिव्या

नासोकी आणि वाइदोको ही बेटं समोरासमोर आहेत, मधे होडीनं अर्ध्या तासाचं पाणी. दोन्हीकडच्या लोकांचा मूळपुरुष एकच, असं म्हातारे सांगतात, म्हणून दोन्हीकडचे लोक एकमेकांचे ताउवू लागतात. ताउवू म्हणजे ज्याला तोंडावर शिव्या द्यायच्या, ज्याच्या चुलीवरचं भांडं उचलून न्यायचं, ज्याच्या मयतालासुद्धा सोंगं काढून नाचायचं, आणि ज्यानं यातल्या कशाचाही राग धरायचा नाही, असा माणूस. राग धरला की नातं तुटलं. बाकीच्या सोयऱ्यांशी, त्यातून व्याह्यांशी, आम्ही इतक्या अदबीनं वागतो की बोलताना मान वर करत नाही. मग मनात तुंबलेलं सगळं ताउवूच्या डोक्यावर ओततो.

नासोकीचा विलिकेसा आणि वाइदोकोचा एरोनी हे असे ताउवू. शाळेच्या बोर्डिंगात शेजारी शेजारी खाट मिळाली तेव्हापासून दोघांनी एकमेकांना सुखानं जगू दिलेलं नाही. नुसत्या तोंडच्या शिव्या त्यांना पुरत नसत. काहीतरी हातानं घडवून समोरच्याची फजिती केली तरच जेवण गोड लागायचं. एरोनी माडाच्या झावळीची टोपली इतकी सुबक विणून पाठवायचा की झाकण उघडल्यावाचून राहवू नये, आणि उघडलं की आतला जिता खेकडा विलीच्या बोटाला. विलीनं एकदा ओल्या चिखलाचा केक थापला, वर खोवलेल्या खोबऱ्याचा जाड थर दिला आणि एरोनीच्या वाढदिवसाला गंभीर चेहऱ्यानं नेऊन ठेवला. एरोनीनं एक घास खाल्ला, चावला, गिळला आणि म्हणाला, "तोरिकावहिनींनी केलेला दिसतोय." पुढच्याच ईस्टरला विली चर्चमध्ये उशिरा पोचला, तर त्याच्या बाकावर झावळ्यांचा विली आधीच बसलेला, पोट खऱ्यापेक्षा थोडं मोठं, डोळे मिटलेले. खरा विली शेजारी येऊन बसला तरी लोकांना फारसा फरक वाटला नाही, हे विली स्वतःच सांगतो.

तर हा विली राजधानीत, सुवामधल्या सरकारी कचेरीत, जन्मभर शिक्के मारून निवृत्त झाला आणि बेटावर परतला. परतल्यावर त्याला साक्षात्कार झाला की आपण कारागीर आहोत. त्याचा आजा चांगला लाकूडकाम करायचा, एवढाच काय तो पुरावा. थोरल्या मुलीचं, वासीतीचं, लग्न मोठ्या बेटावरच्या एका मानाच्या घराण्यात ठरलं, आणि विलीनं जाहीर केलं की व्याह्यांना द्यायचा तानोआ तो स्वतःच्या हातानं कोरणार.

तानोआ म्हणजे यांगोना, मुळ्या कुटून पाण्यात केलेलं आमचं मानाचं पेय, कालवायचं लाकडी भांडं, परातीसारखं पसरट, खाली आखूड पाय. अख्ख्या ओंडक्यातून कोरतात. विलीनं वेसीचा ओंडका आणला, किनाऱ्यावर नीरफणसाच्या झाडाखाली बैठक मांडली आणि महिनोन्‌महिने ठोकाठोक केली. बोटं ठेचली, अंगठ्याचं नख गेलं, पण गडी हटला नाही. पाय कोरून झाले तेव्हा एक लांब वाटला म्हणून तासला, मग दुसरा लांब वाटला, मग पहिला पुन्हा. असं करता करता सगळे पाय बदकाच्या पायाएवढे उरले. मग मात्र तो खाली टेकवून बघितला तर अगदी सरळ! विलीला आनंद झाला. होणारच, कारण तो वाळूत टेकवत होता. वाळूत दाबून ठेवलं तर हत्तीसुद्धा सरळ उभा राहतो.

खऱ्या जमिनीवर तो तानोआ लंगडा होता. थोडाथोडका नाही, एका अंगानं पार झुकलेला, झोप अनावर झालेल्या म्हाताऱ्यासारखा. हे विली सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. विली मासे मारायला गेला असताना त्याच्या बायकोनं, तोरिकानं, तो घरात फळीवर ठेवून पाणी ओतून पाहिलं होतं, आणि सगळं पाणी एका कडेनं तिच्या पायावर आलं होतं. पण नवऱ्याचा तो उजळलेला चेहरा बघून तिची जीभ रेटेना. चुलत्यांनी पाहिलं, त्यांचीही रेटेना. लग्नाआधी त्यात थेंबही ओतायचा नाही, असा विलीचा हुकूम होता, त्यामुळे त्याला स्वतःला कळायची सोयच नव्हती. तो रोज संध्याकाळी त्याला खोबरेल चोळायचा आणि म्हणायचा, "आज आजोबा हवे होते."

लग्नाच्या आदल्या दिवशी आवारात मंडप होता, चटयांची चळत रचली होती, त्या मऊ चळतीवर झाडाच्या सालीच्या नक्षीदार कापडात गुंडाळलेला तानोआ ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो व्याह्यांच्या पुढाऱ्यासमोर ठेवायचा, त्यातच यांगोना कालवायची, आणि सगळ्यांनी श्वास रोखून त्याच्याकडेच बघत बसायचं, अशी आमची रीत. यांगोना कलंडून पुढाऱ्याच्या मांडीवर सांडली असती तर ते फक्त हसं झालं नसतं. त्या घरात वासीतीला आयुष्यभर ते ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि तेही कोणी उघड न बोलता.

दुपारी किनाऱ्यावर होडी लागली आणि एरोनी उतरला. अंगात बायकोचा, उनाइसीचा, फुलाफुलांचा झगा, गालाला लाली, काखेत जिवंत कोंबडी. मंडपात शिरताच त्यानं कंबर हलवून नाच सुरू केला.

"अगं बाई, किती हे पाहुणे!" तो किनऱ्या आवाजात म्हणाला. "आणि यजमान कुठंय? तो बघा, खांबाला टेकलाय! ए ढेरपोट्या, खांब पडेल ना!"

"आला का वाइदोकोचा खेकडाचोर!" विली खूश होऊन ओरडला. "मिशी तरी काढायचीस रे लग्नाला येताना!"

एरोनी नाचत नाचत चटयांपाशी गेला, कापड उलगडलं आणि छातीवर हात मारून घेतला. "मंडळी, आमच्या आजोबांचं भांडं या नासोकीच्या भामट्यांनी पळवलं होतं ते हेच! सापडलं हो सापडलं!" त्यानं कोंबडी चळतीवर ठेवली, तानोआ उपडा करून टोपीसारखा डोक्यावर घातला आणि निघाला.

"ने, ने!" काक्या-मावश्यांनी टाळ्या पिटल्या. जरा जास्तच जोरात पिटल्या, पण ते विलीच्या ध्यानात आलं नाही.

"ठेव ते," विली म्हणाला.

लोक हसतच होते. विली पुन्हा म्हणाला, "एरोनी, ठेव ते खाली. आज मस्करी नाही. माझ्या पोरीचं आहे ते. ठेव म्हणतो ना, चोरा!"

चोर हा शब्द त्यानं एरोनीला हजार वेळा ऐकवला असेल. पण या वेळी तो खरा होता, आणि तो खरा आहे हे कोंबडीलासुद्धा कळलं असावं, कारण तीही गप्प झाली. आमच्या गावात ताउवूवर कोणी असं खेकसल्याचं कोणाच्या आठवणीत नाही. तोरिकानं मान खाली घातली.

एरोनीनं तानोआ डोक्यावरून उतरवला आणि पोटाशी धरला. तो विलीकडे बघत राहिला. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता, "लेका, लंगडं आहे ते," एवढंच. पण मंडपभर पाहुणे होते, आणि नवरीसारखी नजर खाली करून वासीतीही तिथंच बसली होती.

"चुकलं माझं, विलिकेसा," तो आपल्या साध्या आवाजात म्हणाला. "तुमच्या घरी कार्य आहे. येतो मी." आणि त्या झग्यातच, अगदी सभ्यपणे, तो तानोआ घेऊन होडीकडे चालत गेला. कोणी त्याला अडवलं नाही.

लग्न छान झालं. तानोआ म्हणून विलीच्या बापाचा जुना, काळा, काठाला चीर गेलेला पुढे केला. तो दगडासारखा उभा राहिला, व्याह्यांचा पुढारी प्याला, टाळ्या वाजल्या. विली मात्र तोंड वाकडं करून बसला होता. त्याच्या मते जगातला सर्वात देखणा तानोआ त्या वेळी वाइदोकोला एका चोराच्या घरात होता, आणि लोकांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. निदान एकानं तरी हळहळावं! त्यानं मोठ्या चुलत्याजवळ विषय काढला, तर चुलत्याला अचानक खोकला लागला.

मग दिवस गेले, आठवडे गेले, आणि एरोनीकडून काहीच आलं नाही. टोपली नाही, खेकडा नाही, शिवी नाही. सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडताना विली अजून सवयीनं एक पाय मागे घ्यायचा, की बाबा उंबऱ्यावर काही चावरं असेल. तर उंबरा नुसता उंबरा. आपण रागावलोय हे विसरून त्याला वाटायचं, मेलं काहीतरी असायला हवं होतं.

शेवटी न राहवून त्यानं एक उशी शिवली. टाके वाकडे, पण कापूस म्हणून आत खाजकुइली भरलेली. वाइदोकोला जाणाऱ्या एकाबरोबर ती धाडली आणि दिवसभर एकटाच खिदळत बसला. एरोनी रात्रभर कसा खाजवेल, सकाळी कसा बोंबलेल! दोन दिवसांनी उशी परत आली. धुतलेली, वाळवलेली, इस्त्री केलेली, आत चांगला कापूस. सोबत केळ्यांचा घड आणि निरोप: उशी फार आवडली, पण एवढा त्रास कशाला घेतला, घरच्या सर्वांना नमस्कार.

विलीनं तो निरोप पुन्हा सांगायला लावला. मग तो ओट्यावर जाऊन बसला. त्याला कानफटात बसल्यासारखं झालं होतं.

"जाऊन या," तोरिका म्हणाली.

"जाणारच आहे! माझा तानोआ परत आणायला जाणार आहे. ताउवूचा हक्क मलाही आहे म्हटलं. त्याच्या नाकासमोरून उचलतो की नाही बघ."

"उचला," तोरिका म्हणाली आणि तोंडावर पदरासारखं धुणं धरून आत गेली. हसत होती की रडत, ते विलीला दिसलं नाही.

विली वाइदोकोला उतरला तेव्हा एरोनी घरी नव्हता. त्या दिवशी चर्चच्या बैठकीसाठी पाद्रीबाबा बेटावर आले होते आणि त्यांचं जेवण एरोनीकडे होतं, म्हणून तो त्यांना आणायला गेला होता. उनाइसी चुलीपाशी होती. मोठ्या पातेल्यात नारळाच्या दुधात मासा शिजत होता, आणि वास असा की विली क्षणभर आपण कशाला आलो ते विसरला.

"या भावोजी, वर बसा," उनाइसी म्हणाली. "यांगोना कालवते."

घरात फळ्यांच्या जमिनीवर, भिंतीशी, त्याचा तानोआ होता. एका पायाखाली तुटक्या रबरी चपलेचा तुकडा सारलेला. विलीच्या मस्तकात तिडीक गेली.

"वहिनी, चप्पल? माझ्या तानोआला चपलेवर उभा केलाय?"

"अहो, राहू द्या ती," उनाइसी म्हणेपर्यंत त्यानं चप्पल ओढून काढली. तिनं नुकतंच पाणी ओतलं होतं. तानोआनं मान टाकली आणि पाणी विलीच्या कमरेच्या लुंगीवर, सुलूवर, आलं.

"तुमच्या घराची जमीन उतरती आहे," विली सुलू झटकत म्हणाला.

"असेल हो."

त्यानं तानोआ उचलून दाराशी ठेवला. तिथंही तो कलला. म्हणजे दाराशीही उतार होता. खिडकीखाली ठेवला, तिथंही उतार. मग त्यानं तो फिरवून ठेवला, तर उतारही त्याच्याबरोबर फिरला. शेवटी तो दोन्ही हातांत धरून विली बाहेर गेला आणि शेजारच्या सिमेंटच्या ओट्यावर, जिथं पावसाचं पाणीसुद्धा कुठं जायचं ते न कळून उभं राहतं, तिथं त्यानं तानोआ टेकवला. तिथंही तानोआनं एका अंगाला लवून त्याला नमस्कार केला. नाचता येईना अंगण वाकडं, हे विलीनं कचेरीत दुसऱ्यांना पुष्कळ ऐकवलं होतं.

तो ओट्यावरच बसला. "वहिनी, हा आधीपासून असा आहे?"

मागोमाग आलेल्या उनाइसीनं हातातला डाव पुसला. "तोरिकानं फोन केला होता भावोजी. खूप रडत होती. म्हणाली, त्यांना मी सांगू शकत नाही, व्याह्यांसमोर अब्रू जाईल, तर एरोनीभाऊंना म्हणावं चोरून न्या. ताउवूनं नेलं तर ह्यांना वाईट नाही वाटणार."

"आणि कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"नासोकीत?" उनाइसीनं विचार केला. "तान्ही पोरं सोडून सांगू का?"

विलीला चुलत्याचा खोकला आठवला. काक्यांच्या त्या टाळ्या आठवल्या. आणि पोटाशी तानोआ धरून, बायकोच्या झग्यात, सगळ्या गावासमोर खरा चोर ठरून निघून गेलेला एरोनी आठवला. आपल्यासारखा गाढव पॅसिफिकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नसेल, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा आज नाहीत ते बरंच, असंही वाटलं.

तेवढ्यात एरोनी पाद्रीबाबांना घेऊन आला. विलीला बघून तो थबकला आणि मग हात पुढे करून आला.

"या या, विलिकेसा. प्रवास ठीक झाला ना? मुलगी सुखात आहे?"

"काय रे बोकडा," विली घाईघाईनं म्हणाला, "दाढी वाढवलीस की बायकोनं खायला घालणं बंद केलं?"

"आपली कृपा आहे," एरोनी म्हणाला. "सर्व ठीक."

सगळे आत बसले. एरोनीनं ओट्यावरचा तानोआ आत आणून चपलेचा तुकडा पुन्हा पायाखाली सारला. यांगोना फिरली, टाळ्या वाजल्या. विलीनं एरोनीच्या नाकाला नावं ठेवली, बेटाला ठेवली, होडीला ठेवली. प्रत्येक वेळी एरोनी मान लववायचा, आणि पाद्रीबाबांना वाटत होतं की हा नासोकीचा पाहुणा भलताच उर्मट दिसतोय.

"हा तानोआ," विली शेवटी म्हणाला. "कसा वाटतो तुला? खरं सांग."

"फार सुंदर. हात कसबी आहे."

"एरोनी. खरं सांग."

"खरंच सुंदर आहे, विलिकेसा. आम्हाला अभिमान वाटतो."

विलीला रडू कोसळायचंच बाकी राहिलं. जन्मात ज्या माणसानं त्याच्या एका गोष्टीला चांगलं म्हटलं नाही, तो आता व्याह्यासारखा समोर बसून खोटं बोलत होता. माफी मागावी तर ताउवूची माफी मागतात का? आभार मानावेत तर ते आणखीच परकं. एरोनीनं त्याच्यासाठी जे गमावलं होतं ते शब्दांनी परत देता येण्यासारखं नव्हतं, आणि विलीच्या हातात कसब नाही हे तर आत्ताच सिद्ध झालं होतं.

"जरा तोंड धुऊन येतो," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात उनाइसी होती. पातेलं नुकतंच उतरवलेलं. विलीनं पातेल्याकडे पाहिलं, मग उनाइसीकडे. उनाइसीनं दोन फडकी त्याच्या हातात दिली, आणि तो पातेलं उचलून दारातून निघाला तेव्हा मागून येऊन डाव पातेल्यात टाकला. "तिखट थोडं कमी आहे," ती म्हणाली.

गरम पातेलं पोटाशी धरून वाळूतून पळणं हे निवृत्त कारकुनाचं काम नव्हे. रस्सा हिंदकळून त्याच्या पायावर आला, एक मासा वाळूत पडला, तो त्यानं परत येऊन उचलला. होडीत पातेलं ठेवून, ढकलून, इंजिन सुरू करेपर्यंत त्याला दम लागला होता. मागे वळून पाहिलं तर एरोनी आणि पाद्रीबाबा किनाऱ्यावर येऊन उभे होते.

एरोनी नुसता उभा होता. हात खाली, तोंड मिटलेलं.

विलीनं होडी सावकाश नेली. आणखी सावकाश. तो काहीच बोलला नाही तर? धुतलेली उशी पाठवली तशी उद्या पातेल्याचं झाकणही पाठवील, नमस्कारासकट. त्यानं डाव उचलला, मोठा तुकडा तोंडात टाकला, किनाऱ्याकडे तोंड करून चावला आणि बोटं चाटली.

"अरे ए!" किनाऱ्यावरून आवाज आला. "अरे ए वाकड्या हाताच्या!"

विलीचे कान उभे राहिले.

"लंगड्या पायाची म्हैस कोरणाऱ्या! तानोआ म्हणतोस त्याला? अरे, माझ्या डुकरांनीसुद्धा त्यात तोंड घालायला नकार दिला! सहा महिने लाकूड कुरतडत बसलास घुशीसारखा! आणि मी त्या थोट्या भांड्यापायी बायकोचा झगा घालून गावासमोर शिव्या खाल्ल्या, मुडद्या, तुझ्यासाठी! आणि तू मला चोर म्हणतोस? मला? परत ये, तुझा तो तानोआ तुझ्या डोक्यात घालतो, तिथं तरी सरळ बसतो का बघू!"

एरोनी बोलता बोलता पाण्यात शिरला होता, गुडघ्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत. त्याचा आवाज फाटला होता आणि तो हसत होता की रडत होता, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. मागे पाद्रीबाबा उभे होते. त्यांचा जन्म वाइदोकोचाच. त्यांनी एकदा जेवण गेलेल्या घराकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे पाहिलं, आणि तोंडाशी हात नेऊन तेही ओरडले, "खादाडा! भिकारड्या!"

वारा किनाऱ्याकडे होता आणि शब्द अर्ध्यातच उडून जात होते. विलीनं हात लांब करून इंजिन बंद केलं.